बाबांची गिटार आणि सरांची गिटार

"माया डोऱ्याईले पट्टी बांधा अना वाजवा," बाबा फोनवर सरांना म्हणाले. "मायी गिटार मी ओरखतो."

फोन स्पीकरवर होता. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्यासोबतचे बारा जण ते ऐकत होते. सर हसून म्हणाले, "मग काका, येत्या शनिवारी याच." बाबाही लगेच हो म्हणाले. मी घाईने स्पीकर बंद केला.

मी गोंदियाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फुलचूरला खोली करून राहते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रोजेक्टला विषय घ्या म्हटल्यावर इतरांनी भराभर नावं सांगितली. मला काही सुचेना, म्हणून घरात जे होतं तेच मी सांगितलं. घरात गिटार होती.

चिचगडच्या पुढे आमचं गाव. बाबा धानाची शेती करतात आणि दिवाळीनंतर आमच्या नाट्यमंडळाच्या नाटकांत गिटार वाजवतात. नाटकात काही भलतंच घडणार असेल तर आधी बाबांची तार वाजते आणि बाया पदर तोंडाशी नेतात. ही गिटार त्यांनी माझ्या जन्माच्या आधी गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतल्या एका हौशी वादकाकडून घेतली. त्याची बदली झाली होती. ती भरीव लाकडाची आहे. पोटात पोकळी नाही, त्यामुळे वायर जोडल्याशिवाय तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नाही.

आमचे सर स्वतः गिटार वाजवतात. त्याच कंपनीने तेच जुनं मॉडेल आता पुन्हा काढलं आहे आणि ते सरांनी घेतलं. तेच लाकूड, तोच आकार, तारेखालच्या चुंबकाभोवतीचे वेढेसुद्धा तेवढेच, असं कंपनी सांगते. तेव्हा प्रोजेक्ट ठरला: जुनी आणि नवी नुसती ऐकून ओळखता येते का? ऐकणारा कोण, याचं उत्तर बाबांनी फोनवरच दिलं होतं.

शनिवारी बाबा सकाळच्या बसने आले. गिटार सतरंजीत गुंडाळलेली होती. मळणीचं काम काकांवर टाकून आले होते, आणि गावात सगळ्यांना सांगून आले होते. मी विचारलं, "बाबा, नाही ओळखली तर?"

"काऊन नाही ओरखीन व? तुले ओरखत नाही का मी?"

मी गिटार उचलली आणि प्रयोगशाळेकडे निघाले.

सरांची गिटार बाबांनी उलटीसुलटी करून पाहिली. नव्या गिटारीचा रंग कंपनीने मुद्दाम घासून आणला होता. मनगट टेकतं तिथे लाकूड उघडं, कडेला ओरखडे. बाबांच्या गिटारीवरही तिथेच आणि तसंच.

"हे घासलेलीच विकतात का?"

"हो काका. जुनी दिसावी म्हणून."

"मले वीस वर्सं लागले घासाले. यायनं एका दिवसात घासली."

सगळे हसले आणि मलाही थोडं हलकं वाटलं. बाबा चहा घेत होते तोवर मी दोन्ही गिटारी फोनवरच्या ॲपने सुरात लावल्या. बाबांची फारच उतरलेली निघाली. सहाही तारा मी वर चढवल्या. प्रयोग नीट व्हायचा तर दोन्ही सारख्या हव्यात, असं मला वाटलं.

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. सरांनी पाठीमागून एकच धून आधी एकीवर, मग दुसरीवर वाजवली.

बाबा म्हणाले, "यातली एकई मायी नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. सर समजुतीने म्हणाले, "काका, एक तर तुमचीच आहे."

"नाही जी. इथं मायी गिटार वाजूनच नाही राहिली."

गावाला आता बाबा काय सांगतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाबा उठले, आपली गिटार मांडीवर घेतली आणि एक तार छेडली.

"इले कोनं चढवलं?"

"मी," मी म्हटलं. "ती उतरलेली होती, बाबा."

"उतरलेली नाही. आर्गनवर लावलेली होती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या मंडळाचा पायाने भाता मारायचा ऑर्गन फार जुना आहे. त्याच्या सगळ्या पट्ट्यांचा सूर थोडा खाली उतरला आहे आणि तो वर येत नाही. म्हणून ऑर्गनला कोणी सुरात लावत नाही, मंडळच त्याच्या सुरात लागतं. गाणारे, तबला, गिटार, सगळेच. मी लहानपणापासून तोच सूर ऐकत आले आणि शिकल्यावर तोच चुकीचा ठरवून मोकळी झाले.

बाबांनी नांदीचा पहिला सूर गुणगुणला आणि खुंट्या सैल करत गेले. दोन्ही गिटारी त्यांनी कानानेच लावल्या. माझ्या फोनमध्ये मागच्या नाटकाचं रेकॉर्डिंग होतं. सरांनी त्यातला ऑर्गन ॲपवर मोजला आणि मग बाबांची तार मोजली. काटा तिथेच थांबला. सरांनी पुन्हा मोजलं. या वेळी मागे कोणी हसलं नाही.

पण खरी परीक्षा अजून व्हायचीच होती. सरांनी आधी नुसत्या मोकळ्या तारा दहा वेळा छेडल्या, कधी ही, कधी ती. बाबांनी पाच ओळखल्या, पाच चुकल्या. मी वहीत खुणा करत होते. बाबाच म्हणाले, "मोकळ्यात मले समजत नाही. दोघी बी बहिनीच आहेत."

मग सरांनी धून वाजवली. पुन्हा दहा वेळा. आता बाबा सर थांबायच्या आतच सांगत होते. मायी. तुमची. तुमची. मायी. दहापैकी नऊ बरोबर आल्या.

"कशी ओळखता, काका?" सर पुढे येऊन बसले.

"तिसऱ्या तारेवर, पाचव्या घरात, मायी थोडी नाकात बोलते. माया बोटानं ते घर झिजलं. तुमचं कोरं आहे."

सरांनी दोन्ही गिटारींच्या दांड्यांवर बोट फिरवून पाहिलं. कंपनीने रंग घासला होता, ओरखडे काढले होते, पण दांडीवरच्या घरांच्या धातूच्या पट्ट्या झिजवायच्या राहिल्या होत्या. सर मला म्हणाले, "हे लिही. हाच तुझा निष्कर्ष." मी लिहू लागले तेव्हा शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "तुझे बाबा कुठे शिकले गं?" मी म्हटलं, आमच्या गावातच. हे सांगताना माझा आवाज नेहमीसारखा अडखळला नाही, हे मला नंतर जाणवलं.

आठवड्याने अहवाल पूर्ण करून मी घरी फोन केला. बाबांना निष्कर्ष वाचून दाखवला. लाकूड आणि चुंबक यांत फरक सापडला नाही, फरक सापडला तो वाजवणाऱ्याने केलेल्या झिजेत. बाबा ऐकत होते.

"ते मोकळ्या तारांचं बी लिवलं का? पाच चुकलो ते?"

मी ते पान उघडलं. "हो. लिहिलं, बाबा."

"बरं केलं," बाबा म्हणाले. "नाईतर मंग ते नऊ कोन मानते?"