तांबोळीला पाठवा

माझं शेवटून दुसरं पोस्टिंग लडाखमध्ये होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. हाताखाली पाच जण, त्यांत नाईक रफीक तांबोळी. मी शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईचा, तो दौंड तालुक्यातल्या केडगावचा. मध्ये फक्त भीमा. एवढ्या लांब गाववाला भेटला की माणसाला आनंद होतो. मलाही झाला, साधारण आठवडाभर.

मग लक्षात आलं, गाडी बंद पडली की ड्रायव्हर रेडिओवर म्हणतात, "तांबोळी को भेजो." मेकॅनिक पाठवा असं कुणी म्हणत नसे. कोर्सला ग्रेडिंग माझं चांगलं, बाहीवर फिती माझ्या जास्त, आणि नाव त्याचं. मी जळायचो. त्याने आवळलेले नट मी मागाहून पान्याने तपासायचो. एकही ढिला सापडला नाही, त्याचाही राग यायचा.

जानेवारीत एका सकाळी पुढच्या पोस्टवरून एक गढवाली जवान खाली हॉस्पिटलला न्यायचा होता. फुप्फुसात पाणी झालेलं. बर्फामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्स जुनी, नुकतीच मैदानी भागातून आलेली. सुभेदार साहेबांनी मला आणि तांबोळीला सोबत पाठवलं. थोडं अंतर गेलो आणि कळलं, हीटर गार वारा फेकतोय.

मागून नर्सिंग असिस्टंट ओरडला, "उस्ताद, लडका ठंडा पड रहा है. हीटर चालू करो, नहीं तो नीचे तक नहीं टिकेगा."

गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. मी ठरवून टाकलं की हीटरची जाळी चोंदली आहे.

"पाईप काढ. जाळी धुऊन घेऊ."

तांबोळीने पक्कड उचलली नाही. हातमोजा काढला आणि रेडिएटरचे दोन्ही पाईप चाचपले.

"उस्ताद, वरचा कोमट हाय. खालचा बी कोमट."

"मग?"

"इंजिन तापल्याबिगर वरचा पाईप गारच पाह्यजे. हिच्यात वॉल न्हाई. खाली कुणीतरी काढून टाकलाय."

त्याचं बरोबर होतं. थर्मोस्टॅटचा वॉल इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आपल्याकडे गाडी तापायला लागली की मेकॅनिक आधी तोच काढून फेकतात. दौंडच्या उन्हात ते खपून जातं. तिथे मात्र इंजिन तापतच नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि मी पाईप काढायला लावले असते, तर होतं ते पाणीही बर्फात सांडलं असतं.

तांबोळीने रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून रेडिएटरच्या तोंडावर लावला, वरून ग्राउंडशीट बांधली. "चला." तापमानाचा काटा चढू लागला. हीटरमधून ऊब आली. पाणी उकळू नये म्हणून वाटेत दोनदा उतरून त्याने पुठ्ठा सरकवला. जवान वाचला.

कमेंडेशन कार्ड तांबोळीला मिळालं. मीही टाळ्या वाजवल्या. हातात मोजे होते, आवाज फारसा झाला नाही.

मार्चमध्ये खिंडीखालच्या चढावर एक ट्रक बंद पडला. रेडिओ आला, "गाडी गरम. पानी उबल रहा है. तांबोळी को भेजो. ओव्हर."

पाळी माझी होती. टूलबॅग माझ्या खांद्यावर होती. सुभेदार साहेब म्हणाले, "नाम उसका आया है. तुम रुको."

मी टूलबॅग आपटली आणि शेडमध्ये जाऊन बसलो. त्याने ट्रक दुरुस्त केला. ट्रक सुखरूप आला. मागून येणाऱ्या आमच्या रिकव्हरी गाडीवर दरड कोसळली. नाईक रफीक तांबोळी आणि ड्रायव्हर शिपाई महेंदर, दोघेही जागीच गेले.

मी त्याला घेऊन केडगावला आलो. बाजारपेठ बंद होती, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या जातींची माणसं खांदा द्यायला पुढे होत होती. तिथेही मनात आलंच, आपल्यासाठी एवढी माणसं येतील का?

आता मी पेन्शनर. रफीकची जुनी गाडी त्याचा धाकटा भाऊ चालवतो. मे महिन्यात त्याचा फोन आला.

"दादा, गाडी तापाया लागली. मेकॅनिक म्हंतोय वॉल काढू."

"हात लावू देऊ नको. मी आलो."

गेलो. चालवून पाहिली. हायवेला पळताना काटा जागेवर, चौफुल्याच्या गर्दीत थांबलो की वर. म्हणजे पाणी ठीक, वॉल ठीक, पंखा फिरत नव्हता. पंख्याला वीज देणारा रिले जळाला होता. गाडी घरी आणून तो बदलला.

रफीकची आई ओट्यावर बसून बघत होती.

"हवालदार, एक इचारू? त्या दिशी पाळी तुमची व्हती म्हनत्यात. मंग त्यालाच का धाडला?"

मी बॉनेट लावलं.

"ड्रायव्हरनं नाव घिऊन मागितला, अम्मा. त्यो माझ्यापरीस भारी मेकॅनिक व्हता."

हे मी आजवर कुणापुढे बोललो नव्हतो.

म्हातारीने पदर सारखा केला.

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमाला ठावं हाय का, त्येच बघत व्हते."