बोडीत विरघळलेला पुरावा

धानकापणीनंतर रिकाम्या झालेल्या बांदीतून, म्हणजे बांधाच्या शेतातून, मी सोडलेले तिसरे रॉकेट वाकडे गेले आणि शेजारच्या काकाजींच्या अंगणात पडले. काकाजी दारूगोळ्याच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी होते. बाबा त्याच कारखान्यात बारूद भरण्याच्या कामावर. या दोन गोष्टी शेजारी ठेवून कारखान्याच्या वसाहतीने तिसरी काढली: बारूद बाबांनी चोरली. तर्क बिनचूक होता. गृहीतक चुकीचे होते.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. रॉकेटची नळी पुठ्ठ्याची, विणकर मामांच्या घरून आणलेली. इंधनात सोरा होता बाजारातला आणि साखर आईच्या डब्यातली.

संध्याकाळी जळकी नळी घेऊन काकाजी दारात उभे राहिले.

"बारूद कोठून आली, पोरी?"

"बारूद नाही, काकाजी. साखर आहे."

"साखर उडते काय? मंग तुह्या मायचा चहा काहून नाही उडत?"

ते हसले, पण नजर बाबांच्या जेवणाच्या डब्यावर होती. जाताना बाबांना म्हणाले, "सायबाले सांगावं लागते, भाऊ. माही बी नोकरी आहे."

कारखान्यातून चिमूटभर बारूद बाहेर आली, तरी माणूस कामावरून जाई. मला मात्र उपाय सोपा वाटला. इंधनाच्या दोन कांड्या कपाटात उरल्या होत्या. त्या तपासायला द्यायच्या. सकाळी कपाट रिकामे होते.

"बोडीत टाकून आलो," बाबा म्हणाले. संशयाची वस्तू दिसली की आधी पाण्यात बुडवायची, ही कारखान्यातली सवय. त्या छोट्या तळ्यात आमचा एकुलता एक पुरावा विरघळून गेला होता, आणि विल्हेवाट लावणारा माणूस आता अधिकच दोषी दिसत होता.

"बाबा, तुमालेही ते चोरीचं वाटलं?"

"म्या नाही आणली, हे मले ठाऊक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुले कोणं देली, थे मले का ठाऊक?"

मी साहेबांकडे एकच मागणी केली: रॉकेट तुमच्यासमोर करते, साखर काकाजींच्या घरची घ्या. काकाजी वाटी घेऊन आले आणि कांड्या तयार होईपर्यंत माझ्या हातांवरून त्यांनी डोळे हलवले नाहीत.

रॉकेट पाण्याच्या टाकीहून उंच गेले, असे वसाहतीतले लोक नंतर सांगत. मी ते पाहिलेच नाही. साहेब बाबांचा चेहरा न्याहाळत होते, बाबा माझा, आणि मी त्या दोघांचे.

नोकरी टिकली. फाटकावर मात्र बाबांचा डबा रोज उघडला जाऊ लागला. घरी आले की बाबा हातपाय धुण्याआधी माझे कपाट उघडून पाहत.