पोटभर भरलेली भिंत

माझ्या मामेसासऱ्यांचा जगातल्या कोणत्याही उभ्या गोष्टीवर विश्वास नव्हता. भिंत असो, खांब असो, धानाची कणगी असो, नाहीतर छाती काढून समोर उभा राहिलेला मोठा अधिकारी असो, ती आतून पोकळ असणार असं ते धरूनच चालत, आणि भरीव निघाली की मनापासून खूश होत. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि रीतीप्रमाणे मामा नवरीच्या मागे उभे होते. त्यांनी मोकळ्या हाताच्या बोटांनी मागची भिंत वाजवली, कान लावला आणि शेवटच्या अक्षता पडायच्या आत घरमालकाला हळूच सांगितलं, "भाऊ, हे भिंत अर्धी रिकामी हाय. लोकायले जरा दूर बसवा." अर्धं वऱ्हाड उठून अंगणात गेलं आणि माझ्या लग्नाची पंगत उन्हात बसली. भिंत पुढच्या पावसाळ्यात पडली, तेव्हा घरमालकाने मामांना मुद्दाम निरोप पाठवला होता.

धंद्याने ते गवंडी, पण मिस्त्री म्हटलेलं त्यांना आवडे. लढाईच्या काळात जबलपूरकडच्या एका लष्करी कामावर ते एक विद्या शिकून आले होते, आणि आमच्या चांदा जिल्ह्यात ती दुसऱ्या कोणाला येत असल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. विटांच्या दोन पातळ भिंती समोरासमोर उभ्या करायच्या, मधे चार बोटं जागा सोडायची, त्या जागेत लोखंडी सळया उभ्या करायच्या, आणि वरून सिमेंट, वाळू आणि बारीक गिट्टीचा पातळ माल ओतून ते पोट भरून काढायचं. मग दोन्ही भिंती आणि लोखंड मिळून एकच अंग होतं. गोंडपिपरीच्या बाजूला धानाचं मोठं सरकारी गोदाम मंजूर झालं आणि त्याच्या भिंती वीस फूट उंच ठरल्या, तेव्हा ठेकेदाराने त्यांनाच शोधून आणलं. त्या कामावर ओव्हरसियर मी. मामांनी पहिल्याच दिवशी नात्याची वाटणी करून टाकली. कामावर मी 'साहेब' आणि घरी 'जवाईबापू'. दुपारी झाडाखाली डबा उघडला की जवाईबापू सुरू होत आणि डबा बंद झाला की संपत.

माल ओतायच्या दिवशी ते आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून येत आणि ओतणं पुरं होईपर्यंत तोंडात काही घालत नसत. मालाच्या पातळपणाबद्दल ते भलतेच हळवे होते. "घट्ट झाला तं सळयायत अटकते, पातळ झाला तं पाणी वर अन् गिट्टी खाली. आंबिलीवानी पायजे," असं ते येईल त्याला सांगत. एकदा रेजांच्या, म्हणजे मजूर बायांच्या, मुकादमीणबाईने त्यांच्यापुढे आंबील ठेवली. मामांनी वाटी तिरपी करून तिची धार पाहिली आणि म्हणाले, "बाई, आज अशीच कालवा." ही स्वयंपाकाची तारीफ की सिमेंटची सूचना, हे त्या माउलीला दुपारपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या खिशात नेहमी एक गोल आरसा असे. मामींना त्याची फार काळजी. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "जवाईबापू, या वयात यायले आरसा कायले लागते?" मी त्यांना कामावर घेऊन गेलो. मामा परांचीवर वाकून उभे होते आणि आरशात ऊन धरून ते भिंतीच्या पोटात सोडत होते. उजेड तळापर्यंत जाई आणि खाली पडलेले मालाचे गोळे, विटांचे तुकडे, एखादा सरडासुद्धा स्पष्ट दिसे. तळाशी ठिकठिकाणी एकेक वीट काढून खिडकी ठेवलेली असे. तिच्यातून तो कचरा ओढून काढायचा आणि आरशात तळ स्वच्छ दिसला की मगच खिडकी बुजवायची. मामींनी बराच वेळ ते पाहिलं. मग पदर सावरत म्हणाल्या, "एवढं निरखून मले कधी पाह्यलं नाई."

ज्येष्ठाच्या कडक उन्हात काम शेवटाला आलं. पश्चिमेच्या भिंतीची वरची दहा फूट उंची तेवढी भरायची राहिली होती. नागपूरचे मोठे साहेब गुरुवारी पाहणीला येणार होते, आणि मंगळवारी मामांना हिवतापाने पाडलं. घोंगडीखालून त्यांनी निरोप धाडला, "मी येईस्तोवर ओतू नका." मी सव्वीस वर्षांचा होतो आणि इतके महिने त्यांचं पाहून आपल्यालाही सगळं येतं, अशी माझी समजूत झाली होती. मामांनी ते काम तीन वेळा थांबून, खालचा माल बसू देऊन, सळईने घोटत केलं असतं. मी बुधवारी सकाळी सुरू करून दुपारपर्यंत माथ्यापर्यंत भरून टाकलं. साहेब आले, भिंत पाहिली, माझी पाठ थोपटली आणि मुक्कामाला डाक बंगल्यात गेले.

शनिवारी मामा आले. चेहरा हळदीसारखा पिवळा, पायांत बळ नाही, तरी थेट परांचीवर चढले. बोटांनी भिंत वाजवत चालले आणि एका जागी थांबले. "साहेब, इथी कान लावा."

मी कान लावला. बाजूला भरल्या रांजणासारखा आवाज येत होता, इथे मात्र रिकाम्या डब्यासारखा.

"कोणी ओतलं?"

"मी."

"आत पाह्यलं होतं?"

"आरसा तुमच्या खिशात होता," मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी मला माझीच लाज वाटली.

"एवढा माल एकदम ओतून भिंत फुगली नाई, हे तिचे उपकार," ते म्हणाले आणि त्यांनी छिन्नी मागवली.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. साहेबांनी भिंत पास केली आहे, आठ दिवसांवर उद्घाटन आहे, आत काय आहे ते कोणाला कधी कळणार नाही. मामा विटेचा सांधा शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "धान भरलं का आतून रेटा येते. या भिंतीच्या सावलीत पोते शिवणाऱ्या बाया बसतीन. त्यायले कोण सांगन, इथी नका बसू म्हणून?"

पाच विटा निघाल्या. सळयांच्या मधे पोत्याचा एक तुकडा अडकला होता, त्यावर माल बसला होता आणि त्याच्याखाली हातभर जागा कोरडी ठणठणीत होती. तेवढ्यात कोणीतरी वर्दी दिली म्हणून मोठे साहेब येऊन ठेपले. भिंत कोणाच्या हुकुमाने फोडली, असं त्यांनी विचारलं.

"माह्या," मामा म्हणाले. "पोतं माह्या माणसायचं राह्यलं. मिस्त्री मी, चूक माही."

"मग आजच काम सोडा."

मामांनी छिन्नी पुसली आणि खाली ठेवली. गप्प राहिलो असतो तर ते प्रकरण तिथेच मिटलं असतं. तरी मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मिस्त्री तापाने पडले होते. त्यांनी थांबायला सांगितलं होतं. ओतलं मी."

साहेब, मिस्त्रींकडूनच भिंत नीट करून घ्या, एवढंच बोलून निघून गेले. माझ्या कागदांत शेरा आला आणि बढती मागे पडली.

दुपारी डबा उघडताच मामा माझ्यावर घसरले. "काऊन बोलले तुमी? माह्यं काय, मी उद्या दुसरीकडं भिंत बांधतो. तुमच्या घरात माही भाची हाय."

"ते तुमचे कामावरचे 'साहेब' बोलले, मामा. जवाईबापू नाही."

ते हसले आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या डब्यात टाकली.

पुढचे दोन दिवस तो भाग त्यांनी माझ्याच हातून भरून घेतला. थोडा माल ओतायचा, सळईने घोटायचं, थांबायचं. मी घाई केली की मागून आवाज येई, "हळू, साहेब. तिले दम घेऊ द्या."

उद्घाटनाच्या दिवशी मी त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवली होती. मुकादमीणबाईने येऊन सांगितलं की ते सकाळच्याच मोटारीने मामींना घेऊन सिरोंच्याकडे नव्या कामावर गेले. माझ्यासाठी निरोप होता: नव्या भागाला आणखी सात दिवस पाणी मारा, दुसऱ्या कोणावर सोडू नका.

त्यानंतर आम्ही एका कामावर पुन्हा कधी आलो नाही. लग्नकार्यात दोन-तीनदा भेटलो तेवढंच. एका पावसाळ्यात नद्या भरल्या होत्या, रस्ते बंद होते, आणि सिरोंच्याहून मामा गेल्याचं कार्ड हाती पडलं तेव्हा त्यांचे दिवसही होऊन गेले होते.

उद्घाटनानंतरचे ते सात दिवस मात्र मला आठवतात. पाहुणे गेले होते, आंब्याच्या पानांचं तोरण वाळून कुरकुरीत झालं होतं. मी सकाळ-संध्याकाळ परांचीवर चढून तांब्या-तांब्याने पाणी मारत असे. तापलेल्या विटा ते पीत आणि त्यांचा बारीक सूं सूं आवाज येई. आठव्या दिवशी काही काम उरलं नव्हतं. तरी मी बादली भरली आणि गेलो.