तेविसावी प्रत

छापखान्यात तिला सगळे ‘राहूदेताई’ म्हणायचे, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. तुटकी वायर असो, मुका झालेला कीबोर्ड असो, नाहीतर दोरीचा वीतभर तुकडा, कुणी कचऱ्यात टाकायला निघालं की ताई हजर. “राहू दे, लागेल.” तिचं कपाट उघडताना एक पाऊल मागे सरकायचं, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई.

छापखाना ब्रेलचा होता. ताई टायपिस्ट म्हणून आली आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाला कधी वेळेवर येईना म्हणून चिडून सगळं स्वतःच शिकली. तिचा थोरला भाऊ तिथेच मुद्रितशोधक, जन्मापासून अंध. ती पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणार, तो कागदावरच्या ठिपक्यांवरून बोटं फिरवणार आणि तिने एक स्वल्पविराम गाळला तरी पकडणार. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं, रोजच्या भांडणासकट.

त्या सकाळी मात्र भांडायलाही फुरसत नव्हती. अकरा वाजता बावीस अंध मुलांची परीक्षा, पेपर न्यायला दहाला गाडी येणार, आणि साडेआठ वाजले तरी कॉम्प्युटर सुरू होईना! आदल्या संध्याकाळी ताईने त्याचा कर्नल बदलला होता. कर्नल म्हणजे यंत्रात सगळ्यांत आधी उठून बाकीच्यांना उठवणारा. तो बदलला की यंत्र एकदा बंद-चालू करून बघायचं, हे ती दुसऱ्यांना दरडावून सांगे. काल बस चुकेल म्हणून स्वतः तशीच निघाली. आता पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग लागून खोळंबली होती: डिस्क सापडत नाही. आणि ठिपके उमटवणारं मशीन तर फक्त याच कॉम्प्युटरचं ऐकायचं.

“दादा, मेले मी!”

“मर नंतर. जुना कर्नल आहे ना?”

“आहे की! मी कधी काही टाकते?”

जुना निवडायचा तर यंत्र सुरू होताना दिसणारी कर्नलची यादी, म्हणजे मेनू हवा, आणि मेनू तिनेच लपवला होता, कारण त्यापायी पाच सेकंदं थांबणं छापखान्याच्या साहेबांच्या जिवावर यायचं. आता एस्केपचं बटण नेमक्या क्षणी आणि एकदाच दाबायला हवं होतं. पहिल्यांदा तिने उशिरा दाबलं. दुसऱ्यांदा घाबरून दोनदा दाबलं, तर मेनू ओलांडून गाडी भलतीकडेच. पुन्हा उशीर, पुन्हा उशीर. पडदा उजळेपर्यंत तो क्षण निघूनच जाई, आणि दर खेपेला चार मिनिटं खाऊन जाई.

दादा खुर्ची ओढून यंत्राला कान लावून बसला. शाळेत असताना एका परीक्षेला त्याचा ब्रेलचा पेपर आलाच नव्हता. अख्खा वर्ग लिहायला लागला आणि त्याला घरी पाठवलं. वर्ष गेलं. तो त्याबद्दल कधी बोलत नसे, पण त्या दिवशी त्याचा हात धरून घरी आणणारी ताई विसरली नव्हती.

“पडद्याकडे बघूच नकोस,” तो म्हणाला. “आधी बीप वाजतो, मग पंखा मंदावतो. मी सांगेन तेव्हा दाब.”

तिने यंत्र चालू केलं. बीप वाजला. पंखा घोंघावला. ताईने डोळे मिटून बोट बटणावर ठेवलं.

“दाब!”

मेनू! बारा ओळी, बारा कर्नल! ताईने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खोलीतले बाइंडर सुई हातात घेऊनच धावत आले. कालचा सोडून त्याच्या खालचा निवडला, आणि कॉम्प्युटर मुकाट्याने उठून बसला. मशीन खडखडायला लागलं. तसा आनंद ताईला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

“आता कर्नल बदलताना यंत्राने काल काय नोंदी केल्या त्या वाच,” दादा म्हणाला. ती भराभर वाचत सुटली.

“थांब. मधेच अडखळलीस. एक ओळ गाळलीस.”

ताई मागे गेली. “जागा... शिल्लक नाही.” अकरा जुन्या कर्नलनी डिस्कवरचा त्यांच्यासाठी राखलेला कोपरा अडवला होता, म्हणून नवा अर्धामुर्धाच उतरला होता.

“म्हणजे तुझं कपाट आतपण आहे तर!” दादा पोट धरून हसला.

दहा वाजून पाच मिनिटांनी बावीस पाकिटं गाडीत गेली. ताईने दोन जुने कर्नल ठेवले, नऊ काढून टाकले, नवा पुन्हा नीट घातला आणि या खेपेला बंद-चालू करून बघितलं. सुरळीत! मग तिला साफसफाईची अशी काही चटक लागली की कपाटातून दोन खोकी बाहेर आली. बाइंडर बघतच राहिले.

अकरा वाजले. परीक्षा सुरू झाली. दादासमोर तपासणीची तेविसावी प्रत पडली होती, आता रद्दीत जाणारी. ताईने तीही उचलायला हात घातला, पण दादाने प्रतीवर पंजा ठेवला. त्याची बोटं पहिल्या प्रश्नावर होती.

“राहू दे,” तो म्हणाला.