जावयाचा सिक्सर

माझा चुलतभाऊ धनेश माईकवर आला की आमच्या पाड्यातली म्हातारी माणसंसुद्धा हातातला चहा ठेवून मैदानाकडे निघायची. क्रिकेट त्यांना कळत नव्हतं. मलाही फारसं कळत नाही. पण धनेश बोलायला लागला की अंगात वारं शिरायचं, आणि हे सांगायची मला मुळीच लाज वाटत नाही.

मानपाड्याच्या पुढे, एमआयडीसीला लागून आमचा पाडा. धनेश तिथल्याच एका पॅकिंग कंपनीत शिफ्टला जायचा. शिक्षण बेताचं, इंग्रजी त्याहून बेताचं. पण त्याची आई, आमची गोदाकाकी, धवलारीन. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून धवले गाणारी. काकीच्या धवल्यात नवऱ्याचं नुसतं नाव घेऊन भागत नाही. तो कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणत्या गावचा, सगळं यावं लागतं. लहानपणी धनेश तिचा पदर धरून दिवा गावापासून बाळकुमपर्यंतच्या हळदी फिरला. गावोगावची नाती त्याच्या जिभेवर बसली.

तीच त्याने माईकवर आणली. टेनिस बॉलच्या स्पर्धा लाइव्ह दाखवणारं चॅनल त्याच्या मित्राचं, कमलेशचं. दुसरे कॉमेंटेटर 'राइट हँड बॅट्समन' म्हणून मोकळे व्हायचे. धनेश म्हणायचा, "येतोय बघा विश्रामदादांचा नातू, बाळकुमच्या पाटलांचा भाचा. मामाच्या गावात येऊन मामालाच धुनार हाय." मैदान हसायचं, भाचा छाती काढून उभा राहायचा. पुढे तर पोरांना अशी सवय लागली की धनेशने कोणाचा कोण ते सांगितल्याशिवाय कोणी पहिला बॉल खेळेना. अंपायर वैतागायचे.

आणि मग धनेश सुटलाच. कुवेतला नोकरीला गेलेली आमची माणसं जेवणाच्या सुट्टीत त्याला ऐकायला लागली. मी ठाण्याला, नौपाड्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे एका बाईंच्या फोनमधून अचानक धनेशचा आवाज आला. मी म्हटलं, "हा माझा भाऊ." अगदी शुद्ध बोलणाऱ्या त्या बाईंनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. इकडे धनेशने काळा गॉगल घेतला, दर रविवारी मागच्या आठवड्यातल्या खेळाडूंची सालं काढणारा व्हिडिओ सुरू केला आणि कंपनी सोडली. चौकात त्याचा बॅनर लागला. काकी एवढंच म्हणाली, "बाला, गल्याला जप."

मग ती फायनल आली. 'एक गाव, एक संघ' अशी त्या स्पर्धेची अट. खेळाडू गावचाच हवा. बाहेरचा चालणार नाही, जावई तर मुळीच नाही, कारण जावई आणून कप पळवायची युक्ती सगळ्याच गावांनी आधी करून झाली होती.

आमच्या कप्तानाने, देवरामने, नयनला उतरवलं. नयन कल्याणकडचा, आमच्या पाड्यातल्या सोनलचा नवरा. लग्नाला महिनाही झाला नव्हता. आयोजकांना देवरामने 'आमच्याच पाड्यातला' म्हणून ठोकून दिलं. अख्ख्या पाड्याला माहीत होतं आणि अख्खा पाडा गप्प होता. धनेशलाही त्याने बजावलं, "नयनचा नाव घे. बाकी काय बोलायचा नाय."

धनेशने ते शेवटच्या बॉलपर्यंत पाळलं. एक बॉल, पाच रन. नयनने बॅट फिरवली आणि बॉल वर, वर गेला. लाऊडस्पीकरवर धनेश बेभान झाला होता. "गेला, गेला, कंपनीच्या पत्र्यावर गेला. कोनी मारला? नयनने मारला. आपल्या सोनलचा नवरा, आपल्या पाड्याचा लाडका जावई."

मी सोनलला मिठी मारून उड्या मारत होते. मग लक्षात आलं की आमच्या बाजूच्या अर्ध्या माणसांनी उड्या मारायचं थांबवलंय.

समोरच्या गावाने आयोजकांच्या मंडपात तीच क्लिप मागे नेऊन नेऊन ऐकवली. कप गेला. संध्याकाळपर्यंत धनेश गावबुडव्या झाला, विकला गेलेला झाला. बॅनर फाटला. कमलेशने त्याला चॅनलवरून काढलं. माझं डोकंच फिरलं. खोटं बोलला देवराम आणि गद्दार ठरला धनेश.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. देवराम म्हणाला, "लाइव्ह ये आनि सांग, चुकून बोललो, नयन गावचाच हाय. मग आपन कपसाठी भांडू. नायतर पुन्हा गावच्या माईकला हात लावायचा नाय."

माईक म्हणजे धनेशचा जीव. तो आता मान खाली घालणार असंच मला वाटलं. तो घराच्या ओट्यावर बसला, गॉगल न लावता, आणि फोन समोर धरला. बघणारे हजारोंनी जमले, बरेचसे शिव्या द्यायला.

"गाव सांगतोय, नयनला गावचा म्हन," तो शांतपणे म्हणाला. "म्हनतो ना. पन आपला पाडा एकच भावकी. गावचा म्हटला का तो सोनलचा भाऊ झाला. हलदीला माझ्या आयशीने धवले गायले, ते भावाबहिनीचे गायले का? तुमी हो म्हना, मी बोलतो."

मी हसून हसून रडले. पाड्यात मात्र कोणी हसलं नाही. बाकीची गावं आठवडाभर आम्हाला हसत होती, आणि तेच पाड्याला सहन झालं नाही. धनेशचा माईक गेला. तो पुन्हा पॅकिंग कंपनीत शिफ्टला जाऊ लागला. मॅच असली की घरात बसून टीव्ही मोठा करायचा.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला मीच त्याला ओढून नेलं. बाउंड्रीच्या चुन्यापाशी उभे राहिलो. ठाण्याहून नवा कॉमेंटेटर आणला होता, इंग्रजी फाडफाड. आमच्या विकेटी पटापट पडल्या आणि देवराम बॅट घेऊन निघाला.

"जर्सी नंबर एटीन, देवराम," नवा म्हणाला.

देवराम पिचवर पोचला, पण उभाच राहिला. बॉलर धावत आला आणि थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. अंपायर काहीतरी म्हणाला. देवराम बॅटवर रेलून आमच्याकडे बघत होता. हळूहळू सगळं मैदान आमच्याकडे बघायला लागलं.

"मी नाय बोलनार," धनेश पुटपुटला.

"नको बोलूस," मी म्हटलं. "राहू दे त्याला संध्याकाळपर्यंत उभा."

धनेश चपलेने चुना उकरत राहिला. मग त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि तो आवाज माईकशिवाय अख्ख्या मैदानावर गेला.

"येतोय बघा आनंदाशेठचा पोरगा, दिव्याचा जावई, आपला कप्तान देवराम. खोटा बोलतो, पन सिक्स खरा मारतो."

मैदान हसलं. देवरामने मान हलवली आणि बॅट धरून पहिला बॉल खेळायला वाकला.