दीड फूट कललेली भिंत

बाबा आयर्लंडला सहा आठवड्यांसाठी आले. विमानतळावरून ल्यूकनला आमच्या घरी येताना गाडीत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो ना माझ्या तब्येतीचा होता, ना जावयाच्या नोकरीचा. "ती भिंत कधी दाखवतेस?"

ती भिंत म्हणजे डब्लिनमधल्या एका मध्ययुगीन कॅथेड्रलची उत्तरेकडची भिंत. इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली त्या वर्षी मी आतला एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. उंच टोकदार कमानी, रंगीत काचा. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले, बाबांचा मात्र फोन आला. "डावीकडची भिंत ओळंब्यात नाही. बाहेर गेलीय. खांब बघ नीट." मी त्याच भिंतीजवळ उभं राहून फोटो काढला होता आणि मला काही दिसलं नव्हतं. मी कौतुकानं काहीतरी दाखवायचं आणि त्यांनी त्यातलं व्यंग काढायचं, हे आमच्यात लहानपणापासून चालत आलंय.

पण या हट्टामागचं कारण मला ठाऊक होतं. बाबा बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात देवळाच्या दगडी सभामंडपात शाळा भरायची, म्हणून त्याच्या तपासणीला त्यांना पाठवलं होतं. एक भिंत वीतभर कलली होती. गावकरी म्हणाले, साहेब, आमच्या आज्याच्या आधीपासून ती अशीच आहे. बाबांनी 'धोकादायक, पाडावी' असा शेरा मारला. पाडायला गेल्यावर ती भिंत तीन दिवस पडता पडेना. हे मला आईनं सांगितलं होतं, बाबांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. आता आई नाही, बाबांनी पंचाहत्तरी ओलांडलीय, आणि त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की तेव्हा आपलं चुकलं का.

हे सगळं माहीत असून मी काय केलं? एक्सेल शीट केली. आईवडील परदेशात आले की आपण करतो तेच. शनिवारी समुद्राचे कडे, रविवारी किल्ला, पुढच्या शनिवारी तलाव, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना टोपी घालून उभं करायचं, म्हणजे पुण्यातल्या मावश्यांना फोटो जातील. कॅथेड्रल शीटमध्ये नव्हतंच. "अहो बाबा, ते गावातच आहे, बसनं कधीही जाऊ." त्या 'कधीही'नं पाच आठवडे खाल्ले. कड्यांपाशी पोचलो तर धुकं इतकं की समोरचा माणूस दिसेना. बाबा गाडीत बसून राहिले, म्हणाले, "मला इथं काय करायचंय?" मला इतका संताप आला की परतीचे तीन तास मी नुसती गाडी हाकत राहिले. पेट्रोल भरायला उतरले तेवढीच.

शेवटी शेवटच्या आठवड्यातला रविवार काढला. रविवारी देवाच्या ठिकाणी जायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. आपल्याकडे रविवारी देऊळ बंद असतं का कधी? दारातला माणूस अदबीनं म्हणाला, प्रार्थना चालू आहे, प्रार्थनेला आला असाल तर या, इमारत बघायची असेल तर नंतर. नंतर मला ड्यूटी होती. मी बाबांना मराठीत म्हटलं, "चला आत, तासभर बसू. भिंत काय, समोरच दिसेल."

"मी प्रार्थनेला आलेलो नाही," बाबा म्हणाले. "त्याला खोटं कशाला सांगू?"

"कुणी विचारतंय का तुम्हाला?"

"त्यानं आत्ताच विचारलं."

जन्मात कधी देवळात घंटा न वाजवलेला माणूस चर्चच्या पायरीवर मला सत्य शिकवत होता. आम्ही परत आलो. बसमध्ये मी कपाळाला हात लावून बसले होते.

मंगळवारी, त्यांच्या विमानाच्या दोन दिवस आधी, मी एका सहकाऱ्याच्या विनवण्या करून ड्यूटी बदलून घेतली आणि आम्ही पुन्हा गेलो, या वेळी गाडीनं. आत गेल्यावर बाबांनी ना काचा बघितल्या, ना फरशीवरची नक्षी. मधल्या वाटेत उभे राहून, एक डोळा मिटून, त्यांनी हातातली काठी टोकाला धरून लोंबती सोडली आणि भिंतीकडे बघत राहिले. लोक वळसा घालून जात होते. मला लाज वाटत होती.

तिथली माहिती सांगणारी बाई हसत पुढे आली. तिचं बोलणं बाबांना कळेना, म्हणून मी मध्ये उभी राहून सांगत गेले. नॉर्मन लोकांनी ही दगडी इमारत बांधली ती मऊ, दलदलीच्या जमिनीवर. वर दगडी छताचं ओझं, ते भिंतींना बाहेर रेटत राहिलं. सोळाव्या शतकात छत आणि दक्षिणेची भिंत कोसळली. उत्तरेची कलली, दीड फूट, पण राहिली. पडलेल्या बाजूला घाईनं एक तात्पुरती भिंत घातली, ती तीनशे वर्षं टिकली. मग एकोणिसाव्या शतकात व्हिस्कीवर श्रीमंत झालेल्या एका गृहस्थानं पैसे दिले आणि दक्षिणेची बाजू नव्यानं बांधली. म्हणजे आम्ही उभे होतो तिथे सरळ दिसत होती ती भिंत नवी होती आणि वाकडी होती ती मूळची.

"विचार तिला," बाबा म्हणाले, "अजून सरकते का?"

मी विचारलं. बाई म्हणाली, नाही, स्थिर आहे, लक्ष ठेवून असतात.

बाबा जवळच्या खुर्चीवर बसले. पार्किंगची वेळ संपत आली होती आणि मी दोनदा घड्याळ बघितलं.

"कलणं म्हणजे दोष नव्हे," ते म्हणाले. "कलत जाणं हा दोष. भेगेवर काचेची पट्टी बसवायची असते. भेग वाढली तर काच तडकते. सहा महिने थांबायचं आणि मग लिहायचं. आमच्या पुस्तकातच होतं. मी ओळंबा सोडला, आकडा घेतला, तासाभरात उरकलं."

आम्ही डॉक्टर रोज अर्ध्या वॉर्डाला 'ऑब्झर्व्हेशन'वर ठेवतो. थांबून बघायचं असतं हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही, माहीत असून केलं नाही. माझा आवाज चढला. "मग थांबला का नाहीत?"

"पुण्याला बदली झाली होती. हातातली फाइल निकाली काढल्याशिवाय चार्ज सोडू देत नव्हते. जूनच्या आत पोचायचं होतं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला चांगल्या शाळेत घालायचं होतं."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. मी पाच वर्षांची होते. मी कुठलीही शाळा मागितली नव्हती. त्या शाळेतून पुढे मेडिकल, मेडिकलमधून हे हॉस्पिटल, आणि या सगळ्याच्या तळाशी एका गावानं सांभाळलेली भिंत, हे मला आज, इथे, पार्किंगची दहा मिनिटं उरलेली असताना का सांगायचं? पेशंटच्या नातेवाइकांना मी दिवसातून दहा वेळा म्हणते की तुमचा काही दोष नाही. तेच वाक्य तोंडाशी आलं. पण बाबा काही ते ऐकायला एवढ्या लांब आले नव्हते.

"तुमचं चुकलं, बाबा," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच उठायला त्यांनी आपण होऊन माझा हात मागितला.