नर्सच्या दोन ओळी

१४ मार्च, शुक्रवार. लाँड्रीतून चादरी आल्या. गुडघा बरा. चार वाजता मंडळ, नऊ जण हजर. प्रूफकाकांनी मंडळाच्या कवितांच्या यंदाच्या पुस्तिका वाटल्या. नर्सने आपलं पान उघडलं, वाचलं, मिटलं आणि चहा न घेता निघून गेली.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. पुढच्या आठ दिवसांत काय झालं ते कळायला प्रूफकाका कोण ते आधी सांगायला हवं.

प्रूफकाकांनी एक्केचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, औषधांची माहितीपत्रकं, पाठ्यपुस्तकं, सगळं त्यांच्या लाल पेनाखालून गेलं. हॉटेलात गेले तरी मेनूकार्डावरची चूक पेनने दुरुस्त करायचे. त्यांच्या बायकोला भारी लाज वाटायची. ती गेल्यावर छापखान्यामागच्या कागदाच्या खोलीत त्यांनी कवितेचं मंडळ सुरू केलं. त्याला अकरा वर्षं झाली. खोलीत एक खिडकी, कागद कापायचं जुनं यंत्र आणि सगळी वेगवेगळ्या उंचीची स्टुलं. बुटकं स्टूल मिळालं की आमचा कंडक्टर म्हणायचा, "आज मी बालकवी."

मंडळाची रीत त्यांनीच ठरवली होती. आपली कविता आपण वाचायची नाही, शेजारच्याने वाचायची. बाकीच्यांनी हातातल्या प्रतीवर, जिथे अडखळायला झालं तिथे समासात पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा. ठिपका द्यायचा, शब्द द्यायचा नाही. ओळ ठेवायची की बदलायची हे ज्याचं त्याने घरी जाऊन ठरवायचं. एकदा कंडक्टर कोणाला तरी "इथे 'सावली' घाला ना" म्हणाला, तर काकांनी त्याला त्या दिवसापुरतं खोलीबाहेर बसवलं होतं.

ही रीत कुठून आली ते मला ठाऊक होतं. तिशीत असताना काकांचा एक संग्रह निघाला होता. संपादक मोठा माणूस. त्याने प्रत्येक कविता घासूनपुसून इतकी लखलखीत केली की छापलेलं पुस्तक हातात आल्यावर काकांना ते परक्याचं वाटलं. लोकांनी वाहवा केली. काकांनी पुन्हा कविता लिहिली नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कपबशा विसळताना, पाठमोरे राहून.

शनिवारी मी नर्सला फोन केला.

"मावशी, माझ्या शेवटच्या दोन ओळी नाहीत," ती म्हणाली.

"राहून गेल्या असतील गं."

"राहून कशा जातील? आमच्या मेट्रनने ते पान नोटीस बोर्डावर लावलंय. जो तो म्हणतो, शेवट काय जबरदस्त केलास! तो शेवट माझा नाहीच."

कविता वॉर्डातली होती. नऊ नंबरचा पेशंट जातो, ती चादर काढते, गादी पुसते. छापील कविता 'पलंग नऊ, रिकामा' इथे संपत होती.

मी काकांना विचारलं. त्यांचा चेहरा पडला. "ताई, मी दुसऱ्याच्या ओळीला हात लावीन? मी? तिनेच तसं दिलं असणार." ते खोटं बोलत नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. प्रूफं मंजूर झाली की मूळ कागद रद्दीत जात, त्यामुळे ताडून बघायला मूळ उरलेलं नव्हतं. तपासलेली प्रूफं काकांच्या कपाटात असत, पण ती काढून बघावीत असं कोणाला सुचलं नाही. कंडक्टरने काकांची बाजू घेतली. "ड्यूटी करून दमलेली असते बिचारी. उतरवताना विसरली असेल." दोन दिवसांत सगळ्यांचं हेच मत झालं. नर्सला खोटी कोणी म्हटलं नाही, पण खरीही म्हटलं नाही. तिने मला निरोप पाठवला: शुक्रवारी माझ्या वाट्याच्या पुस्तिका परत करायला येते, मग येणार नाही.

मी दर शुक्रवारी ऐकलेली एक कविता माझ्या वहीत उतरवून घेते. मागची वही काढली. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तिचीच कविता होती, आणि खाली या दोन ओळी:

मग हात धुतले, घरी फोन लावला,
विचारलं, येताना काय आणू.

पुढे मी लिहिलं होतं, 'शेवटी हसू आलं. ठिपका कोणाचाच नाही.'

वही दाखवावी की नाही यावर माझे दोन दिवस गेले. दाखवली तर अकरा वर्षांचं मंडळ मोडेल असं वाटत होतं. नाही दाखवली तर ती पोरगी मोडेल.

शुक्रवारी तासभर आधी गेले आणि वही काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. मग कपाटातून तपासलेल्या प्रूफांचा गठ्ठा काढला. तिचं पान सापडलं. दोन्ही ओळींवर लाल रेघ होती आणि समासात ओळ काढून टाकायची खूण.

"रेघ माझीच," ते म्हणाले. बराच वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

चारला सगळे आले. नर्स दारातच उभी राहिली. काका उठले.

"तुमच्या दोन ओळी मी मारल्या. मला आठवत नाही, पण रेघ माझी आहे. तुम्ही खरं सांगत होतात."

कंडक्टर म्हणाला, "अहो काका, सवयीचा हात, होतं असं..."

"तू गप्प बस," काका म्हणाले.

नर्सने विचारलं, "का मारल्यात?"

"त्या नसताना कविता चांगली वाटली असेल."

"मग ठिपका का नाही दिलात?"

काकांनी प्रूफाचं पान उलटं करून ठेवलं.

"ठिपका दिला असतात तरी मी त्या ठेवल्या असत्या."

"कदाचित म्हणूनच दिला नाही," काका म्हणाले.



"काका, बारा वर्षं त्या वॉर्डातून मी रोज घरी जाते. म्हणून टिकले. तुम्ही माझी कविता तिथेच ठेवून दिलीत." तिचा आवाज चढला नव्हता. "आता नवीन लिहायला बसले की आधी मनात येतं, हे काकांना चालेल का. आणि मग लिहिणंच होत नाही."

काकांनी उरलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा पुढे ओढला. "मी सगळ्यांत लिहून देतो."

"नको. तुमचं अक्षर नको."

ती सर्वांत बुटक्या स्टुलावर बसली, पर्समधलं पेन काढलं आणि एकेका पुस्तिकेत आपल्या दोन ओळी लिहू लागली. त्रेसष्ट प्रती होत्या. कोणी मदत करू म्हटलं नाही, तिने करूही दिली नसती. त्या दिवशी कविता वाचली गेली नाही. पेन्सिली डब्यातच राहिल्या. तासाभराने एकेक जण उठून गेला. काका समोर बसून होते, दोन्ही हात टेबलाखाली घेऊन.

लिहून झाल्यावर तिने गठ्ठा सरळ केला. "बोर्डावरचं पान उद्या मी बदलते," म्हणाली. पुढच्या शुक्रवारचं तिने काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. काकांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, काही दिवस तुम्हीच उघडा. मी येईन, ऐकेन. पण पुस्तिकेचं काम माझ्याकडे नको." मी नाही म्हणून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

घरी येऊन एवढंच लिहिलं: २१ मार्च, शुक्रवार. गॅसची टाकी संपली, नवी लावली. जुनी एक्केचाळीस दिवस पुरली.